शालेय पोषण आहारात भ्रष्टाचार नेमका कुठे होतो?

सगळ्यात आधी हजेरीपटावर. समजा, जेवायला १८० मुलं आणि नोंद २३० ची. माणशी १०० ग्रॅम धरलं तरी त्या ५० न आलेल्या मुलांचं धान्य २०० दिवसांत १००० किलो होतं. एक टन! रोज पाच-पाच किलोंनी जातं, म्हणून डोळ्यावर येत नाही.

बाकी ठेक्यातली टक्केवारी, वाटेतच हलकं झालेलं पोतं, चांगल्या मालाच्या बिलावर किडका माल. नोंद करणारा आणि माल सांभाळणारा एकच असेल तर कागदी तपासणीला काही अर्थ नाही. पोती पालकांसमोर वजन करून उतरवा, त्या दिवशी जेवलेल्या मुलांचा आकडा शाळेच्या दारावर लिहा. आणि तक्रार करणाऱ्या स्वयंपाकिणीला आधी संरक्षण द्या. डबा कधी रिकामा व्हायला लागला, हे तिलाच पहिल्यांदा कळतं.