यूएसडीटी विकताना टेलिग्रामवरच्या एस्क्रो बॉटवर विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही परदेशातल्या एका ग्राहकासाठी डिझाइनचं काम करता, त्याने मोबदला म्हणून १,२०० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं डिजिटल चलन) पाठवले आणि आता त्याचे रुपये करायचे आहेत. टेलिग्रामवर एक खरेदीदार भेटलाय. तो बाजारभावापेक्षा नगामागे चार रुपये जास्त देतो म्हणतो आणि वर सांगतो, "भरवसा नसेल तर एस्क्रो बॉट वापरू. माल आधी बॉटकडे ठेवा, मी पेमेंट करतो, मग सोडा."

नका करू. एस्क्रो म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत माल राखून ठेवणारा मध्यस्थ, आणि बॉट म्हणजे टेलिग्रामवर आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम. बॉट खोटा असेल तर तुमचे कॉइन जातील, हे पहिलं कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात: बॉट खरा असला तरीही तुम्ही अडकू शकता. मी स्वतः तसा अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॉटबद्दल. गावात बैलजोडीचा सौदा ठरला की कधी कधी पैसे दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाकडे ठेवतात. तो पैसे घेऊन पळणार नाही, कारण त्याचं घर, शेत, सोयरे सगळं दोघांना ठाऊक असतं. एस्क्रोची कल्पना हीच. टेलिग्रामवरच्या मधल्या माणसाचं मात्र घरही नाही आणि दारही नाही. तिथे बॉट बनवायचा तर बॉटफादर नावाच्या त्यांच्याच बॉटला चार मेसेज करायचे, पाच मिनिटांत काम होतं. नाव, फोटो, 'व्हेरिफाइड एस्क्रो' ही ओळख, सगळं बनवणारा स्वतः टाकतो. इंग्रजी लहान एल आणि मोठा आय पडद्यावर सारखेच दिसतात, त्यामुळे जुन्या, चालत्या बॉटची हुबेहूब नक्कल सहज करता येते. ग्रुपमध्ये तीन-चार जण "भाऊ, कालच डील झाली, दोन मिनिटांत पेमेंट" असं लिहीत असतात, आणि बहुतेक वेळा ते सगळे एकाच माणसाचे नंबर असतात. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर १,२०० यूएसडीटी पाठवता, ट्रॉनवर (यूएसडीटी ज्या नेटवर्कांवरून जातात त्यांपैकी एक) ते मिनिट-दोन मिनिटांत पक्के होतात, आणि मग बॉट सांगतो की पडताळणीसाठी आणखी १० टक्के भरा. तिथे लोक दुसऱ्यांदा बुडतात, कारण पहिले सोडवायची आशा असते.

आता समजा बॉट खरा आहे, ठरल्याप्रमाणे कॉइन राखून ठेवतो आणि पेमेंट आल्यावरच सोडतो. मग तो माणूस चार रुपये जास्त का देतोय, याचा विचार करा. १,२०० नगांवर ४,८०० रुपये झाले. एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, तेच कॉइन त्याला स्वस्तात मिळतात, मग तुम्हाला जास्तीचे पैसे का? बहुतेक वेळा कारण एकच असतं. त्याच्याकडचे रुपये फसवणुकीचे असतात आणि कोणीतरी तक्रार करायच्या आत त्याला ते कॉइनमध्ये फिरवायचे असतात. चार रुपये हा त्या घाईचा भाव आहे.

हे किती मोठ्या प्रमाणावर चालतं त्याचं उदाहरण देतो. कंबोडियातल्या ह्युओन समूहाशी जोडलेला 'ह्युओन गॅरंटी' नावाचा बाजार टेलिग्रामवरच चालायचा. तिथे विकणारे आगाऊ यूएसडीटी अनामत ठेवायचे, ह्युओन मध्ये उभा राहायचा, आणि सौदे पारही पडायचे. एस्क्रो म्हणून तो काम चोख करत होता. मात्र ज्यांच्यासाठी करत होता त्यांत ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवणारे मोठ्या संख्येने होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याच्या फिनसेन विभागाने ह्युओन समूहाला पैसा धुण्याच्या दृष्टीने मुख्य धोका म्हणून जाहीर केलं आणि त्याच महिन्यात टेलिग्रामने त्या बाजाराची चॅनेल्स काढून टाकली. मधला माणूस सौद्याला प्रामाणिक असतो तेव्हाही त्याच्या हातून जाणारा पैसा कुठला आहे, याची हमी तो देत नाही.

माझ्या बाबतीत टेलिग्राम नव्हतं. एका मोठ्या एक्स्चेंजच्या पीटूपी विभागात (जिथे माणसं थेट एकमेकांशी सौदा करतात), त्यांच्याच एस्क्रोमधून, २०२३ च्या सुरुवातीला मी ६०० यूएसडीटी ८७ रुपयांनी विकले. एकूण ५२,२०० रुपये. मी परदेशी ग्राहकांचे सर्व्हर सांभाळतो आणि तेव्हा दोघेजण मला यूएसडीटीत पैसे द्यायचे. खरेदीदाराची केवायसी झालेली, शंभरावर व्यवहार, हिरवी खूण. त्याने ३०,००० स्वतःच्या खात्यातून पाठवले आणि चॅटमध्ये लिहिलं, "लिमिट संपली, उरलेले भावाच्या खात्यातून टाकतो." २२,२०० आले. पाठवणाऱ्याचं आडनाव वेगळं होतं, ते मला दिसलं होतं. सौद्याच्या घड्याळात साडेतीन मिनिटं उरली होती, पैसे खात्यात दिसत होते, मी 'रिलीज'चं बटण दाबलं.

बाराव्या दिवशी मेडिकलच्या दुकानात वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेताना यूपीआय चालेना. तीनदा केलं. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो तर मॅनेजरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली: डेबिट फ्रीझ, २२,२०० वर लीन (म्हणजे तेवढी रक्कम अडवलेली), दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याचं पत्र, तक्रारीचा क्रमांक. मी मोबाइल काढून त्यांना एक्स्चेंजचं पान दाखवलं. त्यावर अजूनही हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'व्यवहार यशस्वीरीत्या पूर्ण'. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, हे आम्हाला काही उपयोगाचं नाही."

तपास करणाऱ्या हवालदारांशी फोनवर बोलायला नऊ दिवस लागले. ते २२,२०० एका निवृत्त शिक्षकांचे होते. "बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापणार" असा मेसेज त्यांना आला होता, त्यांनी त्यातल्या नंबरवर फोन केला आणि पलीकडचे सांगतील तसं करत गेले. पैसे त्यांच्या खात्यातून थेट माझ्या खात्यात आले होते. 'भाऊ' कोणी नव्हताच. खरेदीदाराने माझा खाते क्रमांक त्या ठगांना दिला होता आणि माझे कॉइन घेऊन पुढे निघून गेला होता. माझ्याकडे ना कॉइन राहिले, ना त्या पैशांवर नैतिक हक्क. मी लेखी दिलं की ती रक्कम तक्रारदाराला परत द्यायला माझी हरकत नाही. तरी कोर्टाचा आदेश होऊन खातं मोकळं व्हायला जवळपास पाच महिने गेले. त्या काळात घराचा हप्ता बायकोच्या खात्यातून जात होता.

यातून मला जे उमगलं ते तुमच्या कामाचं आहे. एस्क्रोच्या ताब्यात फक्त कॉइन असतात. रुपये त्याच्या बाहेरून, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात, आणि ते कोणाचे आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. शिवाय कॉइनची बाजू सुटली की सुटली. रुपयांची बाजू मात्र तक्रार झाली की आठवड्यांनीसुद्धा मागे खेचली जाते. विकणारा नेमका या कात्रीत सापडतो. एस्क्रोचं बहुतेक संरक्षण खरेदीदाराला मिळतं. विकणाऱ्याला इतकंच मिळतं की पैसे न पाठवता कोणी कॉइन नेणार नाही.

आता कॉइन तरी सुरक्षित असतात का? त्यासाठी एकच गोष्ट विचारायची: या क्षणी किल्ली, म्हणजे कॉइन हलवायचा गुप्त कोड, कोणाकडे आहे? किल्ली एकट्या मध्यस्थाकडे असेल तर तो कधीही उठून जाऊ शकतो. मार्च २०१५ मध्ये 'इव्होल्यूशन' नावाच्या डार्कनेटवरच्या (इंटरनेटच्या लपलेल्या भागातल्या) बाजाराचे चालक एस्क्रोमधले बिटकॉइन घेऊन रातोरात गायब झाले. ती रक्कम १ कोटी डॉलरच्या वर असल्याचे अंदाज तेव्हा छापून आले होते. यावर बिटकॉइनमध्ये जुना तोडगा आहे, मल्टिसिग. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली, तसंच. 'तीनपैकी दोन' या प्रकारात एक किल्ली विकणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, एक मध्यस्थाकडे. दोघांचं पटलं तर मध्यस्थाची गरजच नाही. भांडण झालं तर तो ज्याच्या बाजूने सही करेल त्याला कॉइन मिळतात, पण तो एकटा काहीच नेऊ शकत नाही. मला ही रचना मनापासून आवडते.

पण तिच्यातही फटी असतात. बिस्क हे कोणत्याही कंपनीच्या ताब्यात नसलेलं पीटूपी जाळं अशाच सामायिक किल्ल्यांवर चालतं. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या व्यवहाराच्या नियमांतली एक चूक शोधून एकाने सुमारे अडीच लाख डॉलरचे कॉइन नेले. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. कंपनीचं म्हणणं होतं की सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसलं एक आणि प्रत्यक्ष सही झाली दुसऱ्याच गोष्टीवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही सही करणाऱ्यांपुढच्या पडद्यात फेरफार करून. हे दोन्ही एस्क्रोचे व्यवहार नव्हते. पण एक्स्चेंजच्या पीटूपीमध्ये तुमचे 'लॉक' झालेले कॉइन एक्स्चेंजच्याच ताब्यात असतात, त्यामुळे एक्स्चेंजचं जे होईल तेच त्यांचं. म्हणून काम झालं की तिथे काही ठेवू नका.

तुमच्या १,२०० यूएसडीटीचं मी काय करेन ते सांगतो. वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर ते पाठवेन. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. तिथेही पीटूपीच्या वाटेला न जाता सरळ ऑर्डर बुकवर, म्हणजे एक्स्चेंजच्या खुल्या बाजारात, रुपयांत विकेन. म्हणजे रुपये एक्स्चेंजच्या खात्यातून येतील, कुठल्या अनोळखी आजोबांच्या खात्यातून येणार नाहीत. एक टक्का टीडीएस कापला जाईल, म्हणजे १२ यूएसडीटीच्या किमतीइतका. तो विवरणपत्रात वळता होतो. पाठवण्याआधी नेटवर्क तपासा आणि पहिले १० यूएसडीटीच पाठवून ते पोहोचतात का बघा. पत्ता वॉलेटच्या इतिहासातून उचलू नका. पहिली आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे खोटे पत्ते ठग मुद्दाम तिथे पेरून ठेवतात. संपूर्ण पत्ता एक्स्चेंजवरून ताजा कॉपी करा.

पीटूपीच करायचं असेल तर केवायसीतलं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव अक्षरशः जुळल्याशिवाय सोडू नका. भाऊ, बायको, पार्टनर, कोणीही नाही. नाव जुळलं नाही तर पैसे आलेत तिकडेच परत पाठवा आणि प्लॅटफॉर्मवर तक्रार नोंदवा. घड्याळ संपू द्या, काही बिघडत नाही. एसएमएस किंवा स्क्रीनशॉटवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये वापरता येणारी शिल्लक वाढलीय का तेच पाहा. चेक टाकून 'जमा झाले' म्हणणारेही असतात. जमलं तर विकण्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, ज्यात पगार किंवा हप्ता नाही. हे आधी केलं असतं तर माझं घर पाच महिने अडलं नसतं.

आणि पुढच्या कामासाठी ग्राहकाला बँकेतून डॉलर पाठवायला सांगून बघा. विकण्याचा त्रास वाचतो, शिवाय जीएसटीमध्ये सेवेची निर्यात धरायची तर मोबदला परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत) आलेला असावा लागतो, आणि यूएसडीटी त्यात बसत नाही. आपल्या सीएशी एकदा बोलून घ्या.

तुम्ही त्या बॉटला आधीच कॉइन पाठवले असतील तर आत्ताच १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), ज्या पत्त्यावर पाठवले तो पत्ता आणि पूर्ण चॅट जपून ठेवा, रागाच्या भरात ग्रुप सोडू नका. पोलिसांच्या मागणीवरून टेथर, म्हणजे यूएसडीटी काढणारी कंपनी, पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते, मात्र ते पुढे सरकायच्या आत. कोणी मेसेज करून "तुमचे कॉइन परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा" म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका.