स्लाइडवरील ॲनिमेशन माऊसने करण्याऐवजी मजकुरात लिहून करण्याची भाषा शिकण्यात अर्थ आहे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अशी भाषा शिकावी का, आणि शिकायची झाल्यास स्लाइड लिहून बनवायच्या साधनांपैकी बीमर घ्यावे की रिव्हील जेएस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मात्र प्रश्नाखाली आपण लिहिले आहे की, ‘ॲनिमेशन ही डोळ्यांनी बघत करायची गोष्ट आहे, ती लिहून कशी जमेल, असे आमचे वरिष्ठ म्हणतात’. हेच वाक्य मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जवळजवळ याच शब्दांत ऐकवले होते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आम्हा दोघांना मिळून मर्ज सॉर्ट, म्हणजे यादी फोडत जाऊन आणि तुकडे क्रमाने जोडत संख्या लावण्याची पद्धत, पायरीपायरीने समजावून सांगायचे होते. आठ संख्यांची यादी घेतली तर फोडताना १५ आणि जोडताना ७ अशा २२ चौकटी होतात, आणि त्या सगळ्या एकाच स्लाइडवर, ठरलेल्या क्रमाने उमटायला हव्या होत्या. सहकाऱ्यांनी हे काम माऊसने चौकटी ओढून बनवायच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये केले आणि ते दिसायला खरोखर देखणे झाले होते. आदल्या संध्याकाळी लक्षात आले की, जोडण्याच्या टप्प्यातील एका चौकटीत संख्यांचा क्रम चुकला आहे. त्यांनी ती चौकट पुसून दुसरी काढली. पुसलेल्या चौकटीबरोबर तिला लावलेले ॲनिमेशनही गेले आणि नवी चौकट पहिल्या क्षणापासून पडद्यावर दिसू लागली. क्रम पुन्हा लावायला बसलो, तर बाजूच्या यादीत ‘आयत १४’, ‘आयत १९’, ‘आयत २७’ अशी नावे. कोणता आयत कोणता, हे कळण्यासाठी प्रत्येकावर टिचकी मारून बघायचे, एक जागा बदलायची आणि मग स्लाइड सुरुवातीपासून चालवून पाहायची, असे करता करता रात्रीचा दीड वाजला.

पुढच्या वेळी तोच विषय मी बीमरमध्ये लिहिला. बीमर हा लाटेकचा (मजकुरात आज्ञा लिहून पाने मांडणाऱ्या प्रणालीचा) स्लाइडसाठीचा क्लास, म्हणजे तयार साचा, असून टिल टांटाऊ यांनी तो २००३ मध्ये स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी तयार केला होता. त्यातील अनेक आज्ञांपुढे कोनी कंसात पायरीचा आकडा लिहिता येतो: दोन आणि पुढे आडवी रेघ म्हणजे दुसऱ्या पायरीपासून शेवटपर्यंत, दोन-रेघ-चार म्हणजे दुसरी ते चौथी. आकड्याऐवजी अधिकचे चिन्ह आणि रेघ दिली तर पायऱ्या तो स्वतः मोजतो, त्यामुळे मध्ये एक मुद्दा घुसवला तरी खालचे आकडे बदलत बसावे लागत नाहीत. कोणती चौकट कधी येणार, हे फाईल वरून खाली वाचत गेले की कळते.

सादरीकरणाच्या दिवशी मात्र माझीच फजिती झाली. तिसऱ्या स्लाइडवर कळ दाबताच नवी ओळ उमटली, पण तिच्या वरचा मजकूर किंचित वर सरकला आणि खालचे चित्र खाली उडाले; पुढच्या प्रत्येक कळीला हीच उडी. समोरचे लोक हसले, आणि सहकारी बाहेर पडताना म्हणाले, ‘बघत केले असते तर हे झाले नसते.’

त्या वेळी मी गप्प बसलो, परंतु ती उडी माझ्या बाजूचा पुरावा आहे असे मी आजही मानतो. बीमरमध्ये ‘ओन्ली’ ही आज्ञा आपली पायरी येईपर्यंत मजकुरासाठी जागाच धरत नाही, आणि फ्रेममधील, म्हणजे बीमरच्या स्लाइडमधील, मजकूर मुळात उभ्या दिशेने मध्यभागी बसवलेला असल्यामुळे एक ओळ वाढली की सगळेच हलते. ‘अनकव्हर’ ही आज्ञा जागा आधीपासून राखून ठेवते. घरी येऊन मी पहिलीच्या जागी दुसरी लिहिली, संपूर्ण फाईलमध्ये शोधा-आणि-बदला चालवले, आणि दोन मिनिटांत प्रश्न मिटला. चूक त्यांच्याकडूनही झाली होती आणि माझ्याकडूनही. माझी चूक एका शब्दात लिहिलेली होती, म्हणून ती सापडली. ‘बघत करणे’ म्हणजे बहुतेक वेळा क्रम न ठरवताच कामाला लागणे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवडीविषयी. बीमर शेवटी पीडीएफ तयार करतो आणि त्यात प्रत्येक पायरी म्हणजे एक स्वतंत्र पान असते, म्हणून गोष्टी उमटतात, लपतात, रंग बदलतात, परंतु सरकत नाहीत. वस्तू खरोखर हलायला हवी असेल तर रिव्हील जेएस घ्यावे. हकीम एल हत्ताब यांनी बनवलेली ही प्रणाली ब्राउझरमध्ये चालते, आणि २०२० च्या चौथ्या आवृत्तीपासून तिच्यात ऑटो-ॲनिमेट आहे: लागोपाठच्या दोन स्लाइडवर आरंभाची आणि अखेरची स्थिती लिहायची, दोन्हीकडच्या वस्तूला एकच ओळखनाव द्यायचे, आणि मधला प्रवास रिव्हील जेएसवर सोडायचा. सूत्रे पुष्कळ असतील आणि पीडीएफ द्यावी लागणार असेल तर बीमर बरे. देवनागरी मजकूर असल्यास बीमरची पीडीएफ झीलाटेक किंवा लुआलाटेक या लाटेकच्या प्रकारांनी बनवावी, ब्राउझरला देवनागरीची अडचण नसते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बीमरची पीडीएफ कोणाला छापायला दिली तर प्रत्येक पायरीचे पान छापले जाते. त्यासाठी ‘हँडआउट’ हा पर्याय लावून वेगळी प्रत काढावी. फ्रेममध्ये प्रोग्रामचा कोड जसाच्या तसा दाखवायचा असेल तर ‘फ्रॅजाइल’ लिहायला विसरू नये, नाहीतर येणाऱ्या त्रुटीच्या संदेशावरून काहीही उमगत नाही. सादरीकरण परवावर आले असेल तर मात्र यातले काहीच शिकायला घेऊ नये. आणि आकृतीत वस्तू नेमक्या जागी बसवणे माऊसने फार सोपे जाते, हे मलाही मान्य आहे; त्या २२ चौकटींच्या जागा आकड्यांनी ठरवताना माझे दोन दिवस गेले होते, ही गोष्ट मी सहकाऱ्यांना अद्याप सांगितलेली नाही.

त्यांची ती जुनी फाईल माझ्याकडे अजून आहे. मध्यंतरी त्यांनीच ती मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले की, ‘आयत २७’ नेमका कोणता होता.