वय झालं होतं म्हणून हरला, ही बॉक्सरची सबब खरी मानायची का?

अर्धीच माना. रत्नागिरीत पोरांना बॉक्सिंग शिकवतो, त्यावरून सांगतो: वय आधी पायांत उतरतं. ठोसा येताना दिसतो, पण मागचा पाय हलेपर्यंत तो लागलेला असतो. स्वतःच्या ठोशातला जोर मात्र बराच टिकतो. १९८० मध्ये ३८ वर्षांचा मुहम्मद अली लॅरी होम्सकडून हरला, तिथे वयाचं कारण मान्य. पण २००२ मध्ये टायसनला हरवणारा लेनॉक्स लुईस त्याच्याहून वयाने मोठाच होता, मग वय कसलं काढता? (आमच्या नाक्यावरचे टायसनभक्त हे ऐकूनच घेत नाहीत.) फक्त जन्मतारखेसोबत किती मार खाल्लाय तेही बघा. बॉक्सर जॉर्ज फोरमन ४५व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला, पण मधली दहा वर्षं तो रिंगबाहेर होता.