विजेचे बिल नाही म्हणून उपचार अडत नाहीत

प्रिय मैत्रीण,

लग्नानंतर पतीच्या सॉफ्टवेअरमधील नोकरीमुळे तुम्ही इंग्लंडला आलात. घराजवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायला गेल्यावर तुमच्या नावाचे विजेचे बिल मागण्यात आले आणि सगळी बिले पतीच्या नावावर असल्यामुळे तुम्ही निमूटपणे परत आलात. थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्याने आता तुम्ही त्या एक दिवसाआड घेत आहात, हे वाचून मला फार काळजी वाटली.

हे औषध असे पुरवून पुरवून घ्यायचे नसते. आजच १११ या क्रमांकावर फोन करा; ही सेवा मोफत असून रात्रंदिवस चालू असते, आणि नेहमीचे औषध संपत आल्याचे सांगितल्यास तातडीने ते कोठे मिळू शकेल हे तेथे कळते. बोलताना गोळ्यांचे पाकीट हाताशी असू द्या. त्यावरचे भारतीय ब्रँडचे नाव समोरच्याला ओळखीचे नसेल, म्हणून लेव्होथायरॉक्सिन हे औषधाचे मूळ नाव आणि त्यापुढचा मायक्रोग्रॅमचा आकडा वाचून दाखवा.

नोंदणीबाबत तुम्हाला दिलेली माहिती चुकीची होती. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा; तिच्या जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या दवाखान्यातील नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रे दाखवणे बंधनकारक नाही. पुन्हा जा आणि शांतपणे एवढेच सांगा. तरीही नकार मिळाला तर कारण लेखी मागा, कारण ते १४ दिवसांत देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. 'परक्या देशात हक्काने काय मागायचे' असे तुम्ही लिहिले आहे. अहो, तुमच्या व्हिसाच्या अर्जासोबत याच सेवेसाठीचा आरोग्य अधिभार भरलेला असणार, आणि तो प्रौढ व्यक्तीसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे!

थायरॉइड कमी असल्याने कायम गोळ्या घ्याव्या लागणाऱ्यांना इंग्लंडमध्ये औषधांचे शुल्क माफ असते. त्यासाठीचा एफपी९२ए हा अर्ज जीपीकडेच मिळतो.

आणखी एक. इंग्रजीची भीती वाटते म्हणून दर वेळी पतीला रजा काढायला लावू नका. काही त्रास असे असतात, की ते पतीसमोरही मोकळेपणाने सांगता येत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी हवा असे सांगा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि पहिल्याच भेटीत, गोळ्यांमध्ये खंड पडल्याचे न लपवता, टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.