डोंगर तोच, पाणी तेच, मग एवढं भांडण कशाचं?

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की फ्लोरिडाला जाऊन डिस्नेच्या पार्कातली टियानाची नवी राइड बघून आले, तिच्या जागी आधी असलेल्या स्प्लॅश माउंटन राइडची फार आठवण आली, पण बदललं ते बरंच झालं. झालं! अर्ध्या लोकांना 'आठवण आली' याचा राग आला आणि अर्ध्यांना 'बरंच झालं' याचा. उकडीच्या मोदकांवर लिहिलं होतं तेव्हाही एवढी पत्रं आली नव्हती. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला, बाकीच्यांनी (वॉशिंग मशीनवाले काका धरून) जरा कळ काढा.

ताई, मी कधी अमेरिकेला गेलो नाही पण यूट्यूबवर कधीपासून लोक या एका पाळण्यावरून भांडतायत. हे प्रकरण काय आहे, पहिल्यापासून सांगा ना.
— कॉलेजवाला, ठाणे

पाळणा नाही रे, ओंडका. पोकळ ओंडक्यासारखी होडी असते, तिच्यात बसायचं, ती पाण्याच्या पाटातून हळूहळू डोंगराच्या पोटात शिरते, आत ससा-कोल्ह्याच्या जुन्या गोष्टींतले बोलणारे हलणारे प्राणी, गाणी, मधेच अंधार, आणि शेवटी वर चढवून साधारण 50 फुटांवरून धपकन खाली. ही स्प्लॅश माउंटन कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 1989 ला सुरू झाली, मग 1992 ला फ्लोरिडात आणि टोकियोत. जून 2020 मध्ये, म्हणजे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर तिकडे रस्त्यारस्त्यावर निदर्शनं चालू असताना, डिस्नेने जाहीर केलं की अमेरिकेतल्या दोन्ही राइड बदलणार. आमचं काम आधीच्या वर्षापासून चालू होतं असं त्यांचं म्हणणं. एकीकडे 'ही राइड वंशवादी पिक्चरवरची आहे, बदला' म्हणून सह्या, दुसरीकडे 'हात लावू नका' म्हणून सह्या. शेवटी फ्लोरिडातली जानेवारी 2023 ला बंद झाली, कॅलिफोर्नियातली मे संपता संपता, आणि डोंगर तोच, पाट तोच, आतला संसार नवा असं करून 2024 च्या जूनमध्ये फ्लोरिडाला आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाला 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' उघडली.

टियाना म्हणजे 2009 च्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' पिक्चरची हिरॉइन, डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्सची, स्वतःचं हॉटेल काढायचं हेच तिचं स्वप्न. ती रंगवताना लिआ चेस या न्यू ऑर्लीन्सच्या नावाजलेल्या शेफबाई डोळ्यांसमोर होत्या, ज्यांच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर नागरी हक्क चळवळीतली माणसं जेवायची आणि बैठका घ्यायची. (ही गोष्ट राइडपेक्षा भारी आहे, कधीतरी वेगळी लिहीन.)

आता एक गंमत सांगते, जी 'जुनं ते जुनं' म्हणणारे विसरतात. स्प्लॅश माउंटनची कल्पना टोनी बॅक्स्टर या डिझायनरला 1983 मध्ये ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर सुचली, आणि त्यात त्याचा एक हिशोब असा होता की 1974 पासून चालू असलेल्या 'अमेरिका सिंग्ज' या शोला आता कोणी जात नाही, तिथले गाणारे प्राणी नुसते पडून राहणार, तर ते इकडे आणू. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राइडमधले बरेचसे प्राणी मुळात दुसऱ्याच शोमधले, सेकंडहँड! नावसुद्धा 1984 च्या 'स्प्लॅश' या जलपरीच्या पिक्चरवरून, डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकल आयस्नर साहेबांच्या सूचनेवरून. आपण क्लासिक क्लासिक म्हणतो ते असं जुन्या साडीची गोधडी शिवावी तसं उभं राहिलेलं आहे.

तुमचं वाचून वाईट वाटलं. 1998 ला आईबाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा आम्ही सगळे स्प्लॅश माउंटनमध्ये बसलो होतो, खाली पडतानाचा तो फोटो मिळतो ना, त्यात बाबांनी एका हाताने चष्मा आणि एका हाताने आईला धरलंय, तो अजून आमच्या फ्रिजवर आहे. बाबा आता नाहीत. त्या ससा-कोल्ह्याच्या गोष्टीत वंशवाद कुठून आला हो? आणि आम्हाला ती राइड आवडायची म्हणजे आम्ही वाईट का?
— एक मुलगी (वय 52!), न्यू जर्सी

अजिबात नाही गं. आणि तो फोटो फ्रिजवरून काढू नकोस.

ससा-कोल्ह्याच्या गोष्टीत खोट नव्हतीच, उलट त्या गोष्टी म्हणजे सोनं आहे. गुलाम म्हणून राबणाऱ्या आफ्रिकन माणसांनी एकमेकांना सांगितलेल्या, दुबळा ससा डोकं चालवून ताकदवान कोल्ह्याला आणि अस्वलाला कसा चकवतो त्या. आपल्या पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीपाशी नेऊन त्याचंच प्रतिबिंब दाखवतो, तसा हा 'मला काहीही कर पण त्या काटेरी झुडपात टाकू नकोस रे बाबा' म्हणून रडतो, कोल्हा मुद्दाम तिथेच टाकतो, आणि ससा टुणकन पळून जातो कारण त्याचा जन्मच काट्यांत झालेला. राइडमधला तो शेवटचा ड्रॉप म्हणजे तेच काटेरी झुडूप. मार खाणाऱ्या माणसाने मारणाऱ्यावर रचलेली गोष्ट आहे ही.

खोट आली ती गोष्ट कोणी आणि कशी सांगितली त्यात. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने 1880 मध्ये या गोष्टींचं पुस्तक काढलं, सांगणारा म्हणून अंकल रीमस नावाचा प्रेमळ म्हातारा स्वतःच रचून. त्यावर डिस्नेने 1946 ला 'साँग ऑफ द साउथ' काढला आणि त्यात जॉर्जियातल्या मळ्यावरची काळी माणसं कशी मजेत, गाणी म्हणत, मालकांवर जीव टाकत राहतायत असं दाखवलं. तेव्हाच, 1946 लाच, एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने निषेध केला होता, त्यामुळे 'हे सगळं हल्लीचं फॅड' असं म्हणणाऱ्यांनी तारीख बघावी. त्यात अंकल रीमस झालेले जेम्स बॅस्केट यांना 1948 ला मानाचं ऑस्कर मिळालं, पण पिक्चरचा पहिला खेळ अटलांटात झाला तेव्हा तिथल्या काळे-गोरे वेगळे ठेवायच्या नियमांमुळे हा माणूस स्वतःच्या पिक्चरला जाऊ शकला नव्हता. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातलं त्या पिक्चरचं आणि राइडचं 'झिप-अ-डी-डू-डा' गाणं काही दिवस बंदच पडलं होतं.

डिस्नेने स्वतः हा पिक्चर अमेरिकेत ना कॅसेटवर आणला ना डीव्हीडीवर, आणि राइड बनवतानाही रीमसला गाळलं, गोष्टीत सशाला चिकटवून पकडणाऱ्या डांबराच्या बाहुलीच्या जागी मध आणला. म्हणजे त्यांना 1989 ला सगळं माहीत होतं! तुला माहीत नव्हतं, तुझ्या बाबांना तर नव्हतंच, कारण तो पिक्चर आपल्यापैकी कोणी बघितलेलाच नाही. जबाबदारी ज्याला माहीत होतं त्याची.

बदलायचं होतं तर बदला पण नवीन राइड बोअर आहे हे तरी कबूल करा. व्हिलन नाही, टेन्शन नाही, पार्टीसाठी वाजवणारे शोधत फिरायचं म्हणे, ही काय गोष्ट झाली??
— सीझन पासवाला, फ्रिमॉन्ट, कॅलिफोर्निया

कबूल. आतले हलणारे पुतळे अप्रतिम आहेत, टियाना इतकी सहज वळते आणि हात हलवते की जुने प्राणी त्यापुढे लाकडी वाटतात. संगीत तर बोलायलाच नको, पीजे मॉर्टनचं नवीन गाणं आहे, टेरेन्स ब्लँचर्डचा हात आहे, न्यू ऑर्लीन्सचे लोक न्यू ऑर्लीन्सचं वाजवतायत. पण गोष्ट? मार्डी ग्रास या तिकडच्या कार्निव्हलच्या पार्टीला वादक कमी पडलेत, ते जंगलात शोधा. बास. पिक्चरमधला डॉक्टर फॅसिलिए हा असला झकास व्हिलन हाताशी असून त्याला घेतलाच नाही.

जुन्या राइडमध्ये शेवटच्या चढावर दोन गिधाडं बसलेली असायची, तुमच्याकडे बघून तुमचीच टिंगल करायची, ओंडका कटकट करत वर चाललाय, वर आकाशाचा तुकडा दिसतोय, आणि पोटात गोळा. तिथे पडण्याला कारण होतं, सशाला फेकलं म्हणून आपण पडलो. आता पिक्चरमधली जादूवाली म्हातारी मामा ओडी आपल्याला छोटं करते, मग परत मोठं करायचं म्हणून खाली ढकलते. पडायला होतं तसंच, पाणीही तेवढंच उडतं, पण का पडलो ते कळत नाही. माझी खरी तक्रार एवढीच आहे, ससा काढला ही नाही.

आणि तुमच्याकडे निदान जागा तरी जमून आलीय, शेजारीच 1966 पासूनचा न्यू ऑर्लीन्स स्क्वेअर आहे. फ्लोरिडात ही राइड फ्रंटियरलँडमध्ये, काउबॉयच्या मुलखात आहे, त्यात सपाट लुईझियानात डोंगर कुठून आला हे सांगायला हा मिठाचा डोंगर, त्यावर टियानाची फूड कंपनी असं सगळं रचलंय. तसे मिठाचे उंचवटे लुईझियानात खरंच आहेत, पण राइडच्या लाइनमध्ये उन्हात उभं असताना भूगोल कोण वाचतं.

डिस्ने आधी असं कधी करत नव्हतं. वॉल्टचा आत्मा तळमळत असेल.
— निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, वॉल्ट डिस्नेच म्हणायचा की डिस्नेलँड कधी पूर्ण होणार नाही. 1998 ला फ्लोरिडात विनी द पूसाठी मिस्टर टोडची राइड बंद केली तेव्हा लोकांनी पार्कात जमून निषेध केला होता. 2016 ला फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या एपकॉट पार्कातली नॉर्वेची होडी फ्रोझन पिक्चरला दिली. 2017 ला कॅलिफोर्नियातला टॉवर ऑफ टेरर गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीला. 1967 च्या पायरेट्स राइडमध्ये बायकांचा लिलाव होता तो 2018 ला बदलला. दर वेळी हेच पत्र येतं, फक्त राइडचं नाव वेगळं.

मुलगी पाच वर्षांची आहे, बसू देतील का?
— घाईतली आई, पुणे

फ्लोरिडात उंची 40 इंच लागते, म्हणजे 102 सेंटीमीटर. घरीच मोजून जा. आणि जादा कपड्यांचा जोड घ्या, तिचाच नाही, तुमचापण.

माझ्या नवऱ्याची टोकियोला बदली झालीय. तिकडेपण बदललं का?
— बॅगा भरतेय, कोथरूड

नाही! तिथलं पार्क ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते आणि तिथे ससा अजून पळतोय, गिधाडंही जागेवर आहेत. जाऊन ये आणि मला लिही. फ्रिमॉन्टवाल्याला सांगू नकोस, तो तिकीट काढेल.

स्प्लॅश माउंटन बंद झाली तेव्हा त्यातलं पाणी म्हणून लोकांनी बरण्या ऑनलाइन विकायला काढल्या होत्या. माझ्या मामेभावाने एक घेतलीय. खरं असेल का?
— नाव छापू नका, डोंबिवली

विकायला काढल्या होत्या हे खरं, बातम्याही आल्या होत्या. त्या बरणीत कुठलं पाणी आहे ते बरणीवाल्यालाच ठाऊक. खरं जरी असलं तरी हजारो लोकांच्या बुटांवरून वाहिलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी आहे ते, भावाला म्हणावं हवं तर शोकेसमध्ये ठेव, पण मामीला सांग देवघरात गंगेच्या गडूशेजारी नको.