संशोधन अणुभट्टीत नमुना काही सेकंदांपुरता किरणित करून परत आणण्याची यंत्रणा उभारताना कॉम्प्रेसर किती ताकदीचा घ्यावा?

आपला प्रश्न कॉम्प्रेसरच्या ताकदीबद्दल आहे. पण अशा एका यंत्रणेच्या उभारणीत काही वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नमुना भरलेली कुपी वायूच्या दाबाने नळीतून वेगाने पळवणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. ती नेमकी केव्हा पोचली हे कळणे आणि ती न फुटता थांबणे, हे अवघड. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरही न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणासाठी (नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून, मग त्यातून निघणाऱ्या किरणोत्सारावरून त्यातली मूलद्रव्ये मोजण्यासाठी) वायुदाबावर चालणारी अशी वाहक नळी आहे.

अशा माऱ्यातून तयार होणाऱ्या सेलेनियम-७७एम या किरणोत्सारी अणुप्रकाराचे उदाहरण घ्या. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, १७.४ सेकंद. नमुना डिटेक्टरपर्यंत यायला २० सेकंद लागले, तर निम्म्याहून अधिक किरणोत्सार वाटेतच ओसरतो. ३ सेकंदांत आला, तर सुमारे ८९ टक्के हाती लागतो. मात्र हा वेळ नोंदवताना एका सेकंदाची चूक झाली, तरी उत्तरात जवळजवळ ४ टक्क्यांची चूक शिरते. अणुभट्टीच्या गाभ्याजवळ कुपी आल्याचे टिपणारे प्रकाश-संवेदक टिकत नाहीत, म्हणून ते संरक्षक भिंतीबाहेर लावावेत आणि कुपी आतल्या टोकाला टेकताच नळीतला दाब बदलतो, त्यावरून पोचल्याची वेळ पकडावी.

वायू म्हणून साधी हवा शक्यतो टाळावी. हवेत सुमारे ०.९३ टक्के आरगॉन असतो, त्यापासून किरणोत्सारी आरगॉन-४१ तयार होतो आणि तो बाहेर सोडण्याचा प्रश्न कायमचा मागे लागतो. त्यापेक्षा नायट्रोजन बरा.

पॉलिथिलीनची कुपी स्वतः फारशी किरणोत्सारी होत नाही, पण न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांच्या माऱ्याने ठिसूळ होते. आम्ही एक कुपी ‘अजून एकदा चालेल’ म्हणून वापरली. तिचे झाकण तडकून वळणातच अडकले आणि कुपी पोचल्याचा नेहमीचा ‘खट्’ आवाज काही आला नाही. दोष आमचाच होता: वळणही कुपीच्या लांबीच्या मानाने आखूड ठेवले होते. दुसऱ्या टोकाकडून वायू सोडण्याची सोय होती, म्हणून कुपी मागे ढकलता आली.

तेव्हा दोन्ही टोकांना झडपा ठेवा, थांबण्याच्या जागी वायूची गादी राहील अशी रचना करा, प्रत्येक कुपीच्या फेऱ्या वहीत मोजा. नळीची लांबी, वळणे आणि कुपीचे वजन ठरले की कॉम्प्रेसरचा आकडा त्यातूनच निघेल.