हाय-हॅटचं 'फस्स' कुठून येतं?

प्रश्न : हाताने ठोकलेली 14 इंची तुर्की हाय-हॅटची (ड्रमसेटमधल्या, पेडलने एकमेकींवर आपटणाऱ्या दोन झांजांची) जुनी जोडी घेतली. काठीने झकास वाजते, पण पेडल मारलं की 'चिक्' ऐवजी 'फस्स' येतं. झांज चिरली असेल का? (नाशिक)

उत्तर : चिरलेली झांज फुसफुसत नाही, चरचरते. तरी काठावरून नख फिरवून बघा. चीर असेल तिथे ते अडकेल. नसेल, तर दोष कोंडलेल्या हवेचा. दोन्ही काठ चहूबाजूंनी एकाच क्षणी टेकले की मधल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. खात्री करायची तर कागदाची पट्टी मध्ये धरून पेडल दाबा आणि पट्टी ओढून बघा. चार-पाच ठिकाणी ती सारखीच घट्ट बसली, तर निदान झालं.

खालच्या झांजेच्या बैठकीला एक छोटा स्क्रू असतो. तो अर्धा-अर्धा आटा फिरवत झांज किंचित कलती करा. एका बाजूचा काठ मिलिमीटर-दीड मिलिमीटर आधी टेकला की पुरे. कल जास्त झाला तर 'चिक्' पातळ होतं. साध्या स्टँडला स्क्रू नसतो. तिथे झांजेखालच्या फेल्टच्या मऊ चकतीखाली एका बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला तरी भागतं.

हाताच्या कामात आणखी एक सोय असते. काठ यंत्रावरच्यासारखा तंतोतंत सपाट नसतो, म्हणून वरची झांज क्लचमध्ये (तिला दांड्यावर धरणाऱ्या पकडीत) थोडी फिरवली की टेकण्याच्या जागा बदलतात, आणि 'चिक्'ही. पाव-पाव फेरा फिरवत ऐका. आवडलेल्या जागी दोन्ही झांजांवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. क्लच करकचून आवळू नका. वरची झांज बोटाने ढकलल्यावर डुलली पाहिजे. विश्रांतीतलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटर ठेवा. कमी असेल तर आपटायला जोर मिळत नाही, जास्त असेल तर पाय तालाच्या मागे पडतो.

प्रश्न : जोडीवरचे छाप पुसले गेलेत. वरची कोणती, खालची कोणती? (डोंबिवली)

उत्तर : स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. हलकी वर, जड खाली. 14 इंचीत ढोबळमानाने वरची 900 ग्रॅमच्या आसपास आणि खालची दीड-दोनशे ग्रॅमने जड असते. काही वादक मुद्दाम उलटी लावतात. काठीचा टोला त्याने टोकदार होतो, पण मऊपणा जातो. आमचं मत : आधी सरळ लावून महिनाभर वाजवा.

प्रश्न : एकाच मापाच्या, एकाच कारखान्याच्या हाताने घडवलेल्या दोन जोड्या वेगळ्या का वाजतात? (पुणे)

उत्तर : इस्तंबूलच्या पद्धतीत सुमारे 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील यांचं कासं ओततात, तापवून तापवून लाटतात, पाण्यात विझवतात, मग हातोडी आणि लेथ (झांज फिरवून साल काढायचं यंत्र). (आपल्या टाळांचं कासंही याच घराण्यातलं.) हातोडीचा प्रत्येक घाव धातूत वेगळा ताण सोडतो. घाव ओळीने पडले नाहीत की उंच स्वर विखुरतात. नाद गडद, कोरडा आणि लवकर विरणारा होतो. लेथवर किती साल निघाली, त्यावरही वजन आणि स्वर हलतो. म्हणून सुटी झांज घेऊन जोडी जुळवू नका. घेताना हळू, मध्यम, जोरात आणि अर्धवट उघडी, चारही प्रकारे ऐका. हळू वाजवताना बोलत नसेल, तर ठेवून द्या.

प्रश्न : काळी पडलेली झांज पितांबरीने घासू का? (सांगली)

उत्तर : नको. छाप जातो आणि लेथच्या खाचांत पावडर बसते. साबणाचं कोमट पाणी लावा, खाचांच्या दिशेने मऊ फडकं फिरवा आणि लगेच कोरडी करा.